पाटीवरचं जाळं

पिवळी पाटी. ओलं जाळं. जावयाची कोरी सायकल.

कामोठ्याबाहेर रुळांना फाटक नव्हतं. ‘थांबा, पाहा, मग जा’ एवढी पाटी होती. रोहिदास कोळी तिच्यावरच जाळं वाळत घाली. शेजारी हसत, “सरकारनं काठी तुझ्यासाठीच पुरली हाय!” गावाला गाडीच्या वेळा पाठ होत्या; पाटी वाचणार कोण?

एकोणऐंशी साली रोहिदासचा रेवसला राहणारा जावई पहिल्यांदाच एकटा सासुरवाडीला निघाला आणि त्या रुळांवर सायकलसकट गाडीखाली गेला.

लेक मैना रडली नाही. तिनं पाटीवरचं जाळं ओढून काढलं आणि बापापुढं टाकलं.

“बा, त्यांना वाचाला येत व्हतं.”

रोहिदास पुन्हा खाडीवर गेला नाही. लेकीच्या तोंडाकडंही त्यानं कधी पाहिलं नाही.

ती पाटी लावावी म्हणून ग्रामपंचायतीत पहिला अर्ज रोहिदासनंच दिला होता.