पाहुणे आणि गॅलरीतला गोटू

पाहुणे येणार म्हटलं की हिशेबनिसाच्या घरात दोन कामं ठरलेली असत: सोफ्याचे अभ्रे बदलायचे आणि गोटूचा पिंजरा गॅलरीत न्यायचा. गोटू म्हणजे त्याच्या मुलीचा हॅमस्टर, उंदरासारखा मूठभर प्राणी. त्या दिवशी तर हिशेबनिसाचे साहेब बायकोला घेऊन चहाला येणार होते.

"बाबा, बाहेर किती गारठा आहे!" मुलगी म्हणाली.

"त्याच्या अंगावर केस आहेत की! साहेबांना वास आला तर माझी काय शोभा राहील?"

सकाळीच पिंजरा बाहेर गेला. दिवसभर बोचरा वारा सुटला होता. संध्याकाळी साहेब मंडळी आली आणि हिशेबनिसाची बायको कप भरत असतानाच मुलगी रडत आत आली. तिच्या ओंजळीत गोटूचं मुटकुळं होतं, थंडगार.

"बाबा, हा उठतच नाहीये!"

हिशेबनीस खजील झाला. दबक्या आवाजात म्हणाला, "पाहुणे बसलेत, बाळा. खोक्यात ठेव. नंतर पुरू आपण."

"पुरू नका!" साहेबांच्या बायकोने कप खाली ठेवला. त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी गोटूचे पाय हलवून पाहिले. "ताठरलेला नाही. फार गारठला की हा असा निपचित पडतो. श्वास इतका मंद होतो की आपल्याला दिसत नाही."

हिशेबनीस धावत जाऊन गरम पाण्याची पिशवी घेऊन आला.

"ती नको, एकदम तापवलं तर हातचा जाईल. तुमचे हात पुढे करा."

"माझे?"

"बाहेर कोणी ठेवलं होतं?"

"आमच्याकडे मलाही गॅलरीतच धाडतात, सिगारेट ओढायला," साहेब पुटपुटले. "पण मला दार उघडून आत येता येतं."

हिशेबनिसाने गोटूला ओंजळीत घेऊन छातीशी धरलं. चहावर साय धरली. पाचही माणसं त्या दोन हातांकडे बघत राहिली.

आणि त्याच्या अंगठ्याखाली काहीतरी हललं! मग पुन्हा. मोहरीएवढी धडधड, आधी अडखळत, मग सलग. मिशा थरथरल्या. एक काळाभोर डोळा उघडला आणि थेट त्याच्याकडे पाहू लागला.

"अगं, हा... हा जिवंत आहे!" तो बायकोला म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. एवढ्याशा देहात परत येण्याची एवढी ताकद!

डॉक्टरांनी गोटूला साखरपाण्याचे थेंब चाटवले. "उद्या दवाखान्यात आणा. पिंजरा आतल्या भिंतीशी, खिडकीपासून लांब ठेवा. कागदाचे भरपूर तुकडे घाला, तो स्वतःच अंथरूण करेल. वासाचं म्हणाल, तर पिंजरा वेळच्या वेळी साफ करा."

"करीन," हिशेबनीस म्हणाला. "आणि ज्या पाहुण्याला हा चालत नसेल, त्याने उन्हाळ्यात यावं!"

मंडळी, कुत्रा असो, मांजर असो वा पोपट, आपण त्यांना घरचं म्हणतो. मग थंडीत त्यांची जागा घरातच हवी. दाराची कडी आपल्या हातात आहे, म्हणून त्यांच्या जिवाची जबाबदारीही आपलीच आहे.