एकच गठ्ठा

“टाक अजून भुसा. लाल दिसतंय अजून!”

मालकीणबाईंचा थोरला ओरडत होता आणि कामगार घमेल्याघमेल्याने भुसा ओतत होते. सॉ मिलमध्ये भुशाला काय तोटा? पण त्या सकाळी ओतावा तितका भुसा रक्त पिऊन लाल होत होता. आरा बंद होता. पात्याच्या दातांत काहीतरी अडकलं होतं आणि ते लाकूड नव्हतं. एक जण पकड घेऊन काढायला गेला तो तिथेच भिंतीला टेकून ओकला.

मालकीणबाई मागच्या घरातून आल्या, त्या हातातला चहाचा कप तसाच घेऊन. कामगार त्यांना पाठीमागे ‘करवत’ म्हणायचे. जाताना कापते, येताना कापते. हे त्यांच्या कानावर होतं आणि मनातून आवडायचंही. नवरा गेलेल्या बाईला जग भाजीच्या सुरीइतकंही मोजत नाही. तिला कुणी करवत म्हटलं तर तो मानच झाला की.

“कोणाचं रक्त हे?”

“मिस्त्रीचं. बोटं गेली. दवाखान्यात नेलाय.” थोरल्याने बोलताना मान तिरकी केली, अगदी बापासारखी. बाहीवर कोपरापर्यंत शिंतोडे होते. “पिऊन आला होता, आई. उभ्या उभ्या झोपला आणि हात गेला आत. मी ओढला म्हणून, नाहीतर दंडापर्यंत गेला असता.”

मिस्त्री याच आऱ्यावर म्हातारा झालेला. त्याला प्यालेला कोणी पाहिला नव्हता. पण पोटचं पोर सांगत असलं की आईचा कान आधी उघडतो, डोळा मागाहून.

इतक्यात फाटकात मिस्त्रीण आली. नवऱ्याच्या शर्टाचा बोळा छातीशी धरलेला, तो ओला.

“इथे काय काम तुझं?” बाईंनी तिथूनच जीभ चालवली. “नवऱ्याला वेळीच आवरायचं. पिऊन आऱ्याच्या गळ्यात पडला तर आरा काय मुका घेणार होता त्याचा?”

दोघे कामगार खाली बघून हसले. मिस्त्रीण नाही हसली.

“तुमच्या थोरल्यानं दाबला त्यांचा हात,” ती म्हणाली. आवाज चढवलासुद्धा नाही. “पात्याला चीर गेली होती. ते म्हणाले, पातं बदलल्याशिवाय मी चालवणार नाही. तर यानं मनगट धरून हात आत घातला. वर कॅमेरा टांगलाय ना तुम्ही? बघा की त्यात.”

बाईंचा हात सुटला. थोबाडीत अशी बसली की मिस्त्रिणीचा ओठ फुटला. तिने तो पुसलाही नाही.

“बघते,” बाई म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता बघते. खोटं निघालं तर याच फाटकात तुला उभी चिरीन. आणि खरं निघालं तर सगळ्यांच्या देखत सांगेन, मग तो माझ्या पोटचा असो नाहीतर पाठचा. शब्द आहे माझा.”

“मी बसते इथेच,” म्हणत मिस्त्रीण फाटकाशी मातीत बसली.

ऑफिसात कॉम्प्युटरवाली आधीच टेबलाखाली डोकं घालून बसली होती. अंगाने आडवी, तोंडाने उभी. बाईंना उलट उत्तर देणारी तेवढीच एक होती, म्हणून तर बाई दुसऱ्या कोणाला बोलावत नसत.

“कॅमेऱ्याचा डबा गळ्यापर्यंत भरलाय तुमचा,” ती खालूनच म्हणाली. “किती दिवस लाल पट्टी दाखवतोय. तुमच्या थोरल्याला सांगून जीभ झिजली माझी. जागा करायला पाहिजे.”

“ती मागाहून कर. आधी मला आजची सकाळ दाखव.”

कॉम्प्युटरवालीने दाखवली. चित्राला आवाज नव्हता आणि तेच वाईट होतं. मिस्त्री पात्याकडे बोट दाखवतो, हात हलवून नाही म्हणतो. थोरला त्याच्या कानफटात देतो. मिस्त्री गाल चोळतो आणि आऱ्याची कळ बंद करायला वळतो. थोरला त्याच्या पोटात गुडघा घालतो, वाकलेल्याचं मनगट धरतो आणि फळी सरकवावी तसा तो हात पात्याकडे सरकवतो. काही घाई नाही. जवळचे कामगार मागे उडतात. आणि मग मिस्त्रीचं तोंड, जबडा फाटेस्तोवर उघडलेलं, ज्यातून काहीच ऐकू येत नव्हतं.

कॉम्प्युटरवालीने चित्र थांबवलं. बाईंच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

“हे मला बाहेर काढून दे,” बाई म्हणाल्या. “तुझ्या त्या पेन ड्राइव्हवर.”

“देते हो. पण हे मशीन आधी स्वतःच्या पोटात फाईल बांधतं आणि मग बाहेर टाकतं. पोटात जागाच नाही तर बांधेल कुठे?”

“मग कर की जागा! त्यासाठीच बोलावलंय ना तुला?”

कॉम्प्युटरवाली कामाला लागली. थोरल्याने भरून ठेवलेले सिनेमे काढले, सगळे मारामारीचे. गाणी काढली. नको ती जुनी बिलं काढली. “टाकलं म्हणजे गेलं असं नसतं इथे,” ती पुटपुटली, “केराची पेटीही ओतावी लागते,” आणि तिने पेटी ओतली. इतकं झाडून चिमूटभर जागा झाली.

“नाही पुरत. आत मोठी चीज एकच आहे, बाई. मालकांचा गठ्ठा.”

बाईंना अक्षर बेताचंच येत होतं. मालक गेले तेव्हा बाईंनीच हिला समोर बसवून कॅमेऱ्यातले मालकांचे शेवटचे सगळे महिने एकाला एक जोडून घेतले होते. फायलींची नावं कोण वाचत बसणार? एकच गठ्ठा असला की एकदा बोट मारलं, मालक चालायला लागले. “सुटं ठेवा, पुढे अडचण होईल,” असं तेव्हाच कॉम्प्युटरवालीने बजावलं होतं. “संसार काय सुटा सुटा ठेवतात?” असं बाईंनी तिचं तोंड बंद केलं होतं. तेव्हापासून रोज दुपारी चहा घेऊन त्या या खुर्चीत बसायच्या. मालक फाटकातून येताना. मालक ओंडक्यावर पाय ठेवून कोणाला तरी झापताना. एके ठिकाणी तर वर कॅमेऱ्याकडे बघून मिशी सारखी करताना. फोटो काय, कोणाच्याही भिंतीवर असतो. चालता-फिरता नवरा कोणाकडे असतो?

“अर्धा काढ त्यातला.”

“तोडायलाही जागाच लागते, बाई. आणि पेन ड्राइव्हमध्ये तो मावायचा नाही. गेला तर अख्खा जाईल. नाहीतर असं करा, मशीन बंद ठेवा. उद्या मी मोठी डिस्क आणते. मग मालकही राहतील आणि हेही राहील.”

“उद्या,” बाई म्हणाल्या. शब्द तोंडात खडीसाखरेसारखा विरघळला. मिस्त्रिणीला एक दिवस थांब म्हणायचं, बस.

तेवढ्यात दार भिंतीवर आपटलं. थोरला. हातात जाड फळी. समोर पडद्यावर मिस्त्रीचं तोंड तसंच उघडं थांबलेलं.

“पूस ते,” तो कॉम्प्युटरवालीला म्हणाला. “जागा नाही ना? मग आजचं पूस.”

“तिला सांगू नकोस. माझ्याशी बोल,” बाई उठल्या. “का केलंस?”

“नाही म्हणाला. सगळ्यांसमोर.”

“नाही म्हणाला म्हणून हात कापायचा? कोणाकडून शिकलास हे?”

थोरला हसला. त्यापेक्षा रडला असता तर बरं.

“रोज बघतेस की तू! चहा पीत पीत. त्यात मार कोण खातंय ते कधी बघितलंस? मी नाही म्हटलं म्हणून फळी मोडेस्तोवर मारलं मला, त्याच आऱ्यापाशी. मनगट धरून पात्यापर्यंत नेलं माझं. मी इथे बिलं करत बसतो आणि तू माझ्या शेजारी बसून तेच चालवतेस. रोज, आई. रोज!”

बाईंना तो तुकडा तोंडपाठ होता. तो आला की त्या म्हणायच्या, ‘बाप असावा तर असा.’ मोठ्याने म्हणायच्या. शेजारी पोर खाली मान घालून बसलेलं असायचं. त्यांना वाटायचं, हिशेबात आहे.

“सोडलं होतं त्यांनी तुझं मनगट,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

“सोडलं, हसत हसत. मी नाही सोडलं. एवढाच फरक.”

आणि त्याने फळी घातली. पहिल्या घावात पडद्याचा चुरा झाला. दुसरा कॉम्प्युटरवालीच्या खांद्यावर बसला आणि ती किंचाळत कोपऱ्यात पडली. तिसरा मारायला त्याने हात उगारला तेव्हा मध्ये बाई होत्या. फळीचं टोक भुवईवर बसलं, कातडी उलली आणि एक डोळा रक्ताने मिटला. बाई पडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या, नेहमीसारख्या.

थोरल्याने फळी टाकली. फुटलेल्या पडद्याकडे बघितलं.

“घ्या. झाली जागा,” म्हणाला आणि निघून गेला.

कोपऱ्यातून कॉम्प्युटरवाली कण्हत कण्हत हसायला लागली. “फोडून फोडून पडदा फोडला हो मेल्याने! डबा तर खाली आहे, तुमच्या पायाशी.”

डब्यावर बाईंनी दोन्ही पाय रोवले होते. आतलं यंत्र तळपायांना घरघरत लागत होतं.

“उद्या आणते मी डिस्क...”

“उद्यापर्यंत तो या डब्याची ढलपी शिल्लक ठेवणार नाही,” बाई म्हणाल्या. कपाळाला फडका दाबला आणि खिडकीतून ओरडल्या, “अरे ए मघाशी हसणाऱ्यांनो! घरातला टीव्ही उचलून आणा इकडे. हसू नका, उचला!”

टीव्ही आला. कॉम्प्युटरवालीने एका हाताने वायर जोडली, बाईंनी आतून कडी घातली. टीव्हीवर पुन्हा सगळ्या फायली आल्या आणि मधोमध मालकांचं चित्र, मिशी सारखी करतानाचं.

“एकदा बघायचं का?” कॉम्प्युटरवालीने हळूच विचारलं.

“नको. बघितलं तर तुझे हात धरेन.”

टीव्ही आत नेताना थोरल्याने बाहेरून पाहिलं असावं. दारावर पहिला घाव पडला तो कुऱ्हाडीचा. फळीतून पातं आत आलं, बाहेर गेलं, पुन्हा आलं.

“आई! ते ठेव! त्यांचं ठेव, माझं पूस!” घाव. “आयुष्यभर त्यांचंच ठेवलंस ना? आता काय झालं?” घाव.

टीव्हीवर मशीन विचारत होतं, नक्की काढायचं का? बाईंनी कॉम्प्युटरवालीचा हात बाजूला सारला. रक्ताळलेलं बोट होतं, तेच दाबलं. मालक गेले. मग पेटी ओतायची होती, तिथे मशीनने पुन्हा विचारलं. “किती वेळा विचारशील, रांडेच्या!” बाई खेकसल्या आणि पुन्हा दाबलं.

लाल पट्टी पांढरी झाली. सकाळची फाईल बांधायला लागली. एक हिरवी रेघ मुंगीसारखी सरकत होती आणि दाराची ढलपी ढलपी उडत होती. भोकातून थोरल्याचा घामेजलेला गाल दिसत होता. मग कुऱ्हाड अडकली. बाहेर धडपड झाली, शिव्या झाल्या, कोणाचं तरी डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. मघाशी हसलेल्या दोघांनी त्याला भुशात पालथा पाडला होता आणि ते त्याच्या पाठीवर बसले होते.

हिरवी रेघ पोचली. कॉम्प्युटरवालीने पेन ड्राइव्ह काढून बाईंच्या मुठीत दिला.

बाईंनी कडी काढली. थोरला भुशात तोंड घालून रडत होता, लहानपणी रडायचा तसा, श्वास ओढून ओढून. त्या त्याच्यापाशी थांबल्या. त्याचं पिरगळलेलं मनगट एकाने आवळून धरलं होतं.

“सैल धर,” त्या म्हणाल्या. “पळणार नाही तो.”

मग फाटकाकडे बघून हाक मारली. मिस्त्रीण आली. वाटेत कामगार बाजूला झाले. बाईंच्या भुवईतून अजून गळत होतं, मिस्त्रिणीच्या ओठावरचं वाळलं होतं.

“तू म्हणालीस तसंच आहे,” बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “माझ्या पोरानं केलं. पोलीस येतील, त्यांनाही मीच सांगेन. आणि मी तुझ्या तोंडात मारली, तीही सांगेन.” मूठ उघडली. “हे ठेव तुझ्यापाशी. माझ्यापाशी नको.”

मिस्त्रिणीने घेतलं. बाईंनी तिला दंडाला धरून आत नेलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत आजवर दुसरं कोणी बसलं नव्हतं.

दुपार झाली होती. काय चाललंय याचा पत्ता नसलेली घरातली मोलकरीण रोजच्या सवयीने चहा घेऊन आली. मोडक्या दाराशी थबकली, आणि सवयीनेच कप खुर्चीपुढे ठेवला.

बाईंचं बोट टीव्हीवर मधल्या जागेकडे गेलं, जिथे रोज जायचं. तिथे आता काही नव्हतं. त्यांनी ते बोट मागे घेतलं, कप मिस्त्रिणीकडे सरकवला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.