गुरुवारी बदललेली ग्रेड

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर विभागात तिला सगळे निकालबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती परीक्षा विभागातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून ग्रेड चढवत होती. मुलं शिव्या द्यायची ती प्राध्यापकांना, पण तोंड पाडून उभी राहायची तिच्यापुढे.

सत्र संपलं की प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्थितीची यादी तिला करावी लागे. नियम साधा होता. सरासरी चारपैकी तीन किंवा वर असेल तर ठीक. तीनच्या खाली गेली तर प्रोबेशन, म्हणजे सुधारायला एक सत्र. आणि सी ग्रेड तीन झाल्या, तर सरासरी कितीही असो, गाशा गुंडाळायचा.

यंदा त्या यादीत तिची भाची होती. पॅकेजिंग कंपनीतली पाच वर्षांची नोकरी सोडून अठ्ठाविसाव्या वर्षी ती पुन्हा शिकायला आली होती आणि मावशीकडेच राहत होती. भाचीची आई फोनवर हसून म्हणायची, "माय मरो, मावशी उरो म्हणतात ना, ते तुम्हा दोघींकडे बघूनच!" पहिल्या सत्रात भाचीला दोन सी मिळाल्या. दुसऱ्या सत्राचा निकाल लागला आणि वित्त व्यवस्थापनात तिसरी. भाची दोन आठवडे धड जेवली नव्हती.

मंगळवारी मावशीने यादी उघडली. भाचीच्या नावापुढे वित्त व्यवस्थापनात बी होती. सरासरी बरोबर तीन.

तिने डोळे चोळले, मग बदलाची नोंद उघडली. मागच्या गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, सीची बी झाली होती. कोणी केली? नोंदीत तिचंच नाव होतं.

गुरुवारी चार वाजता ती दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसली होती.

तिने ग्रेडबदलाची फाईल काढली. निकालानंतर ग्रेड बदलायची तर प्राध्यापकांचा फॉर्म हवा, त्यावर विभागप्रमुखांची सही हवी. "फॉर्म नाही तर बदल नाही" हा कागद तिनेच कपाटावर चिकटवला होता. फाईलमध्ये फॉर्म नव्हता.

मग तिला गुरुवार आठवला. डॉक्टरची जुनी चिठ्ठी घरी राहिली होती, ती द्यायला भाचीच ऑफिसात आली होती. मावशी निघाली तेव्हा ती म्हणाली होती, "तू हो पुढे. मी बसते जरा इथेच, बाहेर ऊन केवढंय." घाईघाईत कॉम्प्युटर तसाच चालू राहिला होता. बंद केला असता तरी काय? पासवर्ड म्हणजे भाचीचं लाडाचं नाव आणि जन्मसाल.

शुक्रवारपासून पोरगी पुन्हा पोटभर जेवायला लागली होती. मावशीला वाटलं होतं, सावरली बिचारी.

विचारायचं कोणाला? विभागप्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, लेकीच्या बाळंतपणासाठी शुक्रवारपासून रजेवर होत्या. वित्त शिकवणाऱ्या सरांना विचारावं, तर आपल्याच घरावर आपणच दगड मारल्यासारखं. तिने यादी बाजूला ठेवली आणि घरी जाऊन भाचीवर नजर ठेवायला सुरुवात केली.

नजर ठेवली की सगळंच वेडंवाकडं दिसतं. मावशी खोलीत आली की भाची लॅपटॉप मिटायची. न सांगता चहा करून आणायची. एकदा तर मागून येऊन गळ्यात पडली. "किती करतेस गं तू माझ्यासाठी." एरवी उचललेली बशी जागेवर न ठेवणारी ही, हिला आज एवढं प्रेमाचं भरतं का?

शुक्रवारी भाची आंघोळीला गेली, तेव्हा मावशीने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या पिशवीत हात घातला. वहीत घडी घातलेला एक कागद निघाला, विभागाच्या नियमावलीतलं पान. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती: नोंदींमध्ये फेरफार करणारा कर्मचारी बडतर्फीस पात्र राहील.

म्हणजे हिला ठाऊक होतं. मान कोणाची जाईल, तेही ठाऊक होतं. घाईघाईने घडी घालून तिने कागद होता तिथे ठेवला.

शनिवारी सकाळी भाची कपड्यांना इस्त्री करत होती. मावशी दारात उभी राहिली.

"गुरुवारी मी गेल्यावर माझ्या टेबलावर किती वेळ बसली होतीस?"

भाचीने इस्त्री उभी ठेवली. "पाच-दहा मिनिटं. का गं?"

"का ते तू सांग. सीची बी कशी झाली?"

भाची अगदी हळू म्हणाली, "मावशी, असं का विचारतेस? तूच केलीस ना?"

"मी?"

"मग कोणी? पोर्टलवर बी दिसली आणि मला कळलंच. विचारलं तर तुला खोटं बोलावं लागेल, म्हणून गप्प बसले. तुझी नोकरी जाईल का, तेवढं नियमावलीत शोधत होते. झोप उडालीय माझी."

मावशीने खुर्ची ओढली. "मला वाटलं, तू केलंस."

"मी चोरी करेन असं वाटलं तुला?"

"आणि तुला वाटलं, मी करेन!"

"तू मायेपोटी केलीस असं वाटलं मला," भाची म्हणाली. "तुला माझ्याबद्दल काय वाटलं, ते सांग."

पिशवीत हात घातल्याचं मावशी बोलली नाही. एवढंच म्हणाली, "पण बी घेऊन गप्प तर बसलीस."

"बसले," भाची म्हणाली. "तेवढं खरं आहे."

सोमवारी मावशी वित्त शिकवणाऱ्या सरांच्या खोलीत गेली. पाव पाव मार्क कापायचे म्हणून मुलं त्यांना पावमार्के सर म्हणत.

"ती ग्रेड मीच बदलली," ते शांतपणे म्हणाले. "शेवटच्या पानावरचं एक उत्तर बेरजेत धरायचं राहिलं होतं. गुरुवारी फॉर्म घेऊन आलो, तुम्ही नव्हता. मोठ्या बाईंनी तुमच्याच उघड्या कॉम्प्युटरवरून नोंद केली. फॉर्म सहीसाठी त्यांच्या ड्रॉवरमध्ये असेल." मग त्यांनी चष्मा काढला. "पण या एकाच मुलीची चौकशी का करताय?"

"ती माझी सख्खी भाची आहे, सर."

सरांचा चेहरा बदलला. "हे विभागात कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही."

ते तिच्याकडे निरखून बघू लागले. चार दिवस आपण भाचीकडे कसं बघत होतो, ते तिला त्या नजरेत दिसलं. "मग माझ्या एकट्याच्या सहीवर हे चालणार नाही," ते म्हणाले. "पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे जाऊ दे."

मोठ्या बाईंना फोन करून ड्रॉवर उघडला, तर फॉर्म वरच होता. त्या फोनवर हळहळल्या. "अगं, नातवाच्या गडबडीत सांगायचंच राहिलं तुला!" पण आता गोष्ट परीक्षा समितीपुढे गेली होती. दुसऱ्या परीक्षकाने बेरजेची चूक मान्य केली, मात्र आधीच्या एका उत्तराचे दोन मार्क कापले. बीची बी मायनस झाली. सरासरी दोन पूर्णांक सत्त्याण्णव. भाची विभागात राहिली, पण एक सत्र प्रोबेशनवर. मावशीला लेखी ताकीद मिळाली, नातं लपवल्याबद्दल आणि कॉम्प्युटर उघडा टाकून गेल्याबद्दल. भाचीची नोंद यापुढे दुसऱ्या टेबलावर होणार होती.

"तू विचारायला गेली नसतीस, तर मी सुटले होते," प्रोबेशनचं पत्र वाचून भाची म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता की नुसता हिशेब, ते मावशीला कळेना.

"हो," ती म्हणाली. "आणि जन्मभर आपण एकमेकींना चोर समजत राहिलो असतो."

भाचीने पत्राची घडी घातली. पुढच्या महिन्यात ती दोन वर्गमैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायला गेली. भांडण काही नव्हतं. ग्रंथालय जवळ पडतं, असं तिने आईला सांगितलं. सामान उतरवताना मावशीने तिची पुस्तकांची पिशवी उचलली आणि दाराशी थबकली.

"त्या शुक्रवारी मी ही पिशवी तपासली होती," ती म्हणाली.

"माहीत आहे," भाची म्हणाली. "घडी उलटी घातली होतीस." आणि तिने पिशवीचा दुसरा बंद धरला. दोघी मिळून जिना उतरल्या.