विश्वकर्म्याच्या दिवशी मिळालेली सुट्टी

मी एक जुना फ्रीझर आहे. मित्रांनो, आइस्क्रीमच्या दुकानातला नव्हे हं. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असे, आणि त्याचा मला बराच ताठा होता.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा मला एका नव्या प्रयोगशाळेत आणलं. तिथल्या संशोधक देवश्री मॅडम. त्यांचे आजोबा रेल्वेतल्या नोकरीसाठी विदर्भातून इकडे आले, ते इथलेच झाले. आपल्याकडे बायका दातांना गुडाखू घासतात, म्हणजे तंबाखू आणि गुळाचं काळं मिश्रण. त्याने तोंडात पांढरा चट्टा येतो. काहींचा तसाच राहतो, काहींचा कर्करोग होतो. कोणाचा होणार, हे आधी कळत नाही. मॅडमना तेच शोधायचं होतं.

पेशीला काम सांगणारी चिठ्ठी म्हणजे आरएनए. काही इवलेसे आरएनए नको त्या चिठ्ठ्या अडवतात. हे अडवणारे कमी पडले की पेशी बेलगाम वाढू लागते. मॅडम चट्ट्याचा कणभर तुकडा घेत आणि माझ्यात ठेवत. पुढे त्या बाईचं काय झालं ते बघून जुन्या तुकड्यातला आरएनए वाचायचा, असा बेत होता. आरएनए फार नाजूक असतो, जरा ऊब लागली की त्याचे तुकडे पडतात. म्हणून मी सहा वर्षं एक क्षणही थांबलो नाही. तीनशे बायकांचे तुकडे माझ्यात होते आणि वाचन पुढच्याच महिन्यात सुरू होणार होतं.

माझी देखभाल नरहरी करायचा. आधी तो एका कारखान्यात होता, इथे येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. रोज मला पुसायचा, माझ्या जाळीतली धूळ काढायचा, आणि माझी घरघर ऐकून म्हणायचा, "लई राबून राहिला बाबू तू." इतक्या मायेने माझ्याशी दुसरं कोणी बोललं नाही. त्याच्या बायकोने, शेवंताने, चट्ट्याचा तुकडा तपासणीला दिला होता. तो माझ्याच पोटात आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या दारावर 'बंद करू नये' अशी सूचना होती, तीही इंग्रजीत.

त्या सप्टेंबरात मॅडम तीन दिवस नागपूरला गेल्या. शनिवारी विश्वकर्मा पूजा होती. कारखान्यात त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. धुतात, कुंकू लावतात, आराम देतात. नरहरीने गोल बाजारातून झेंडूचा हार आणला. मला कुंकू लावलं, माझ्यापुढे नारळ फोडला, हात जोडले आणि माझं बटण बंद केलं.

मी बोंबललो. धोक्याची घंटा होती माझ्यात, जीव तोडून वाजवली. नरहरीने ती दाबून बंद केली आणि माझ्या पाठीवर थोपटलं. "हव, हव. आज आराम कर."

रविवारी प्रयोगशाळेला कुलूप होतं, मी तसाच बंद राहिलो. सोमवारी सकाळी मॅडम आल्या. माझ्या कपाळी कुंकू होतं आणि पायाशी पाण्याचं थारोळं. त्यांनी दार उघडलं आणि नरहरीला बोलावलं.

"काका, काहून बंद केला?"

"विश्वकर्म्याचा दिवस होता, मॅडम. सहा वर्षांत त्याले एक सुट्टी नाही भेटली."

"यात बायकांच्या चट्ट्यांचे तुकडे होते, काका. सगळे गेले."

नरहरी फडकं घेऊन पाणी टिपायला वाकला. मग हळूच म्हणाला, "आमच्या शेवंताचा कुठं ठेवला होता?"

मॅडमनी माझ्या उघड्या दाराकडे बघितलं. त्याला ते कळलं.

नवे तुकडे घेता आले असते. पण सहा वर्षांपूर्वीचा चट्टा परत कुठून आणणार? तोवर काही बायका वारल्या होत्या. पुढच्या साली शेवंताच्या चट्ट्याचा कर्करोग झाला आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली. ते वाचन पुरं झालं असतं तर ती वाचली असती का? मला ठाऊक नाही. मॅडमनाही ठाऊक नाही, आणि त्यांना तेच खातं.

आता मी व्हरांड्यात उभा आहे. माझ्यात जुन्या फायली कोंबल्या आहेत. नरहरी अजून रोज मला पुसतो. विश्वकर्म्याच्या दिवशी मात्र तो रजा घेतो.

मित्रांनो, नरहरीला नावं ठेवू नका. त्याच्याइतकं मला कोणी जपलं नाही. एखादी वस्तू कोणाच्या हाती सोपवाल, तेव्हा तिच्यात काय आहे हे त्याला जवळ बसवून, त्याच्या भाषेत सांगा. मला बोलता येत नव्हतं. मॅडमना येत होतं.