मामीची चाकखरेदी

आमच्या भगवंतमामांनी मोटार घेतली ती बैल घेतात तशीच घेतली. मालकाला ती चालवून दाखवायला लावली, चारी बाजूंनी फेरी मारली, पुढचं झाकण उचलून आत डोकावले आणि निकाल दिला, "वय झालं हाय, पण हाड मजबूत हाय."

मामा बाळापूरकडच्या खेड्यातले मातब्बर शेतकरी. त्यांच्याकडे मोटारीला पोळ्याच्या दिवशी सुट्टी असे. त्या दिवशी ती अंगावर झूल घेऊन बाभळीखाली उभी राही आणि मामी तिला पुरणपोळी दाखवत. दाखवलेली पोळी नंतर ड्रायव्हर खाई. ड्रायव्हर मी. अमरावतीला कॉलेजात शिकत होतो आणि सुट्टी लागली की, किंवा मामांचं बोलावणं आलं की, मोटार चालवायला मामांकडे येत होतो. त्या घरात चारचाकी हाकण्याचं लायसन माझ्याकडेच होतं. बाकीच्यांकडे नुसता आत्मविश्वास होता.

सत्तावन्न साली, संक्रांत नुकतीच झालेली, मामांनी मोटारीत सरकीची पोती भरली. बैल ओढतो तर ही का नाही ओढणार, हा त्यांचा प्रश्न होता. मोटारीनं वावराच्या चाकोरीत उत्तर दिलं. पुढचं डावं चाक जुन्या जोडावर तडकलं आणि मागचं उजवं तडकण्याच्या विचारात पडलं. चाक म्हणजे टायर नव्हे. टायर ज्याच्यावर बसतो ते आतलं लोखंडी चाक.

एरवी मोटार उभी राहिली असती तरी चाललं असतं. पण मामांची थोरली मुलगी शालू अचलपूरला सासरी होती, पहिलटकरीण, सातवा महिना चालू. तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. आणायचं ते सातव्यातच, कारण आठव्यात पोरीला हलवत नाहीत हा आमच्याकडचा कायदा. एस.टी.च्या दणक्यांत तिला घालायची मामीची तयारी नव्हती. छोट्या लाईनीची आगगाडी होती, पण तिच्यात बसवलं तर नातू वाटेत जन्मून तिकीट काढण्याच्या वयाचा होऊन उतरेल, असं मामांचं मत होतं.

मुंबईला पत्र टाकलं. उत्तर आलं, अस्सल चाकं विलायतेहून यायची, तीन महिने तरी लागतील.

"तोवर पोट्टं सोता चालत येईन," मामा म्हणाले.

तेवढ्यात बातमी लागली की अकोल्यात मोतीराम नावाचा एक ओतारी आपल्या भट्टीत हुबेहूब विलायती चाकं ओततो आणि निम्म्याहून कमी भावात देतो. मामा, गोदामामी आणि मी एस.टी.नं अकोल्याला निघालो. नमुना म्हणून तडकलेलं चाक बरोबर घेतलं. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. मामांनी मग त्याला खिडकीजवळची जागा दिली.

मोतीरामची भट्टी जिनिंगच्या कारखान्यांच्या मागे होती, आणि घर भट्टीला लागून. मुख्य धंदा कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांचे सुटे भाग ओतायचा. मोटारीची चाकं ही हौस. त्याच्या अंगणात नवी काळीकुळकुळीत चाकं भिंतीला टेकून ओळीनं उभी होती. मी मनापासून सांगतो, माणूस कलावंत होता. भोकं तीच, गोलाई तीच, कडेची पन्हळ तीच. शिवाय प्रत्येक चाकाच्या काठावर एकाच जागी एक पोचा होता.

"हे काय?" मी विचारलं.

"थे अस्सल चाकाले गोटा लागला होता," मोतीराम अभिमानानं म्हणाला. "त्याच्यावरूनच साचा घेतला. आपन काहीच सोडत नाई."

मामा खूश झाले. पोच्यासकट नक्कल करणारा माणूस बाकी कशात लबाडी करेल हे त्यांना पटेना. त्यांनी चाकाभोवती फेरी मारली, त्याला थाप मारली, घरंगळत नेऊन त्याची चाल पाहिली. दात पाहायचे तेवढे राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा शेला काढून पुढे धरला, मोतीरामनं खाली हात घातला आणि बैलबाजारातला सौदा सुरू झाला. बोटं शेल्याच्या आत बोलत होती. बाहेर दोघंही आभाळाकडे पाहत होते. मध्येच मामांचा चेहरा सुतक पडल्यासारखा व्हायचा. मग मोतीरामचा व्हायचा. शेवटी दोघांचेही चेहरे सारखेच दुःखी झाले, तेव्हा मी ओळखलं की भाव जमत आला.

"थांबा," मामी म्हणाल्या.

इथं गोदामामींची बैल घेण्याची रीत सांगायला हवी. मामा बैलाचे दात पाहत, खूर पाहत, शेपटीचा गोंडा पाहत. मामी बैलाकडे बघतसुद्धा नसत. त्या सरळ विकणाऱ्याच्या घरात शिरत, त्याच्या बायकोकडे पाणी मागत आणि पाणी पिता पिता विचारत, "तुमचं लहान पोट्टं जाते का वं त्याच्यापुढून?" बाई लगेच हो म्हणाली तर बैल घ्यायचा. बाईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं तर तांब्या खाली ठेवून घरी यायचं. मामांच्या गोठ्यातल्या एकाही बैलानं कधी कोणाला मारलं नव्हतं आणि मामा त्याचं श्रेय शेपटीच्या गोंड्याला देत.

"अवं, हे चाक हाय!" मामा कळवळून म्हणाले. "बैल नाई. थे काय शिंग मारते?"

"मले तहान लागली," मामी म्हणाल्या आणि आत गेल्या. मीही गेलो. मला खरंच तहान लागली होती.

मोतीरामची बायको चतुराबाई ज्वारी निवडत बसली होती. तिनं पाणी दिलं, गूळ दिला, गाव विचारलं. मामींनी गाव सांगितलं, पोरगी सांगितली, अचलपूर सांगितलं.

"कितवा?" चतुराबाईनं विचारलं.

"सातवा. मोटारीनं आणतो म्हनलं तिले. तुमच्या घरच्याच चाकावर." मामींनी एक घोट घेतला. "तुमची पोरगी असती तं बसवली असती ना, बाई?"

चतुराबाईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, कारण तो अंगणात होता. तिनं सुपातल्या ज्वारीकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून ती उठली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"अवं ऐकलं का? पोरीचा सातवा महिना हाय म्हन्ते."

मोतीरामचा हात अजून शेल्यातच होता. "मंग?"

"मंग काय? घन आना अन् ठोका चाकाले. पाहू द्या त्याइले."

मोतीरामनं हात बाहेर काढला. तो भट्टीत गेला आणि एक घण घेऊन आला. दुसऱ्या हातात एक जुनं, गंज चढलेलं चाक होतं. त्याच्यावर दसऱ्याचं हळदकुंकू वाळलेलं होतं. हेच ते अस्सल, ज्याच्यावरून सगळी नक्कल निघाली. त्यानं ते ऐरणीवर ठेवलं आणि पोच्यावर घण घातला. पुन्हा घातला. पोचा मुकाट्यानं सरळ झाला. चाक शहाण्या पोरासारखं पूर्ववत गोल.

"हे पोलाद," तो म्हणाला. "वाकते, सरळ होते."

मग त्यानं आपलं नवं, काळंकुळकुळीत चाक ऐरणीवर ठेवलं आणि घण उचलला. आम्ही सगळे पाहत राहिलो. घण वरच राहिला. मोतीराम आपल्या चाकाकडे असं पाहत होता की मला दुसरीकडे पाहावंसं वाटलं. त्यानं घण हळूच खाली टेकवला.

"हे बीड हाय, पाटील, ओतीव लोखंड," तो म्हणाला. "दाबाले वाघ, धक्क्याले काच. गावातल्या गावात, सपाटीवर, हळूहळू फिरनाऱ्याले मी देतो. त्याचं आजवर काही झालं नाई. पन भरल्या गाडीत, अचलपूरच्या रस्त्यानं…" त्यानं वाक्य सोडून दिलं. "नका नेऊ."

मी कॉलेजात वक्तृत्वस्पर्धा पुष्कळ ऐकल्या. पण स्वतःच्या मालाविरुद्ध, गिऱ्हाईक पैसे काढत असताना, अंगणात उभं राहून केलेलं इतकं छोटं भाषण मी दुसरं ऐकलं नाही.

मामांनी नेहमीचंच विचारलं, "मंग ह्या जुन्याचं काय घेता?"

"थे इकायचं नाई," मोतीराम दचकला. "थे गेलं तं मी नक्कल कशाची करू?"

"अशीच दोन हायेत," चतुराबाई म्हणाली. "दुसरं माळ्यावर हाय. त्याले तं गोटाही नाई लागला."

"अवं!"

"काय अवं?"

 मामांनी शेला पुन्हा पसरला, पण मामींनी तो बाजूला सारला. त्यांनी आपला पदर पुढे धरला आणि चतुराबाईनं त्याच्याखाली हात घातला.

मामा आणि मोतीराम दोघांनीही असं काही जन्मात पाहिलं नव्हतं. ते शेजारी शेजारी उभे राहिले, आगीत घर गेलेल्या दोन भावांसारखे. बायकांनी आभाळाकडे पाहिलं नाही, चेहरे पाडले नाहीत. त्या लोणच्याच्या कैऱ्यांविषयी बोलत राहिल्या. कैऱ्यांचा विषय संपायच्या आत सौदा झाला. काय भाव ठरला ते मामींनी मामांनाही कधी सांगितलं नाही. मामांनी विचारलं की त्या म्हणत, "पोरीच्या जिवाचा भाव इचारता काय?"

निघताना मोतीराम मामांना म्हणाला, "आता मोटेची चाकं ओतीन म्हन्तो. इहिरीवर धक्का नसते." पुढे त्याच्या मोटेच्या चाकांची इतकी ख्याती झाली की मामांनी स्वतः दोन नेली, आणि तीही मामींना न विचारता.

आठवडा संपायच्या आत आम्ही अचलपूरला पोचलो. शालूताईला मागे बसवलं, उशाला उशी, पायाशी मामी. मामा माझ्या शेजारी बसून प्रत्येक खड्डा दिसला की "हो… हो…" करत होते, आणि मोटार, आश्चर्य म्हणजे, हळू होत होती. अर्थात ब्रेकवर पाय माझा होता; पण मामांचा समज मी मोडला नाही.

सांज व्हायच्या सुमाराला परत मामांच्या दारात आलो. मी मागे वळून पाहिलं तर शालूताई गाढ झोपलेली. तोंड थोडं उघडं, एक हात पोटावर. मामींनी ओठांवर बोट ठेवलं. त्या हलल्या नाहीत, मीही हललो नाही. इंजिन बंद केलं तर आवाज थांबून ती जागी होईल म्हणून तेही चालूच ठेवलं.

मामा तेवढे अलगद उतरले. अंगणातल्या बाभळीवर कावळे बसले होते. गावातला सगळ्यात मातब्बर माणूस डोक्याचं पागोटं काढून, तोंडातून अवाक्षर न काढता, ते हवेत फिरवत बराच वेळ कावळे हाकलत उभा होता.