जपलेली फटफटी

अख्ख्या बेंबळी गावात फटफटी एकच, मार्तंडरावांची. ती झिजू नये म्हणून त्यांनी ती गोधडीखाली झाकून ठेवली होती. दसऱ्याला हार घालण्यापुरती तेवढी उघडायची. त्यांची बायको सरोजिनी म्हणायची, "अहो, माझ्या भूमच्या मामांची रोज थोडी थोडी चालते, म्हणूनच टिकलीय. जराशी फिरवून तरी आणा." ते हसायचे, "जपायचं म्हंजे काय, ते तुला न्हाय कळायचं."

आज दुपारी त्यांच्या तान्ह्या बाळाला तापात आकडी आली. धाराशिवच्या दवाखान्यात न्यायचं, तर एसटी केव्हाच निघून गेलेली. मार्तंडरावांनी गोधडी भिरकावली आणि किकवर किक मारली. टाकीतलं पेट्रोल नासलं होतं, टायर बसले होते. फटफटी हूं की चूं करेना.

"घाला आता हार तिला!" शेजारच्या अयोध्याकाकू बोलून गेल्या आणि लगेच तोंडाला पदर लावला.

"होईल सुरू... लई जपलीय मी," मार्तंडराव घामानं निथळत म्हणत राहिले.

गल्लीतल्या गोरोबानं बैलगाडी जुंपली, तशी सरोजिनी बाळाला छातीशी धरून चढली. बैल आपल्या चालीनं निघाले. बाळाच्या नाकापाशी धरलेलं बोट तिनं वाटभर हलू दिलं नाही.