पेटीला बांधलेला पेंढा

घोंतूदा गावी आला तो पौष संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी, भाड्याच्या गाडीतून, गळ्यात मफलर आणि हातात मोबाईल आडवा धरून. आडवा धरला म्हणजे व्हिडिओ, एवढं आता आमच्या केंदडांगा गावातल्या बकऱ्यांनाही कळतं. त्याचं कागदोपत्री नाव प्रद्युत लायेक. भरूचला एका मोठ्या कारखान्यात तो साहेब आहे आणि तिथे त्याला घोंतू म्हणायची कुणाची छाती नाही. इथे मात्र त्याचा दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत चहावाल्या गोष्ठने विचारलं, "काय रे घोंतू, टक्कल केव्हा पडलं? आणि कळवलं नाहीस?"

तो कशासाठी आला होता ते गावाला ठाऊक होतं. तो त्याच्या आईला न्यायला आला होता. कायमचं.

त्याची आई म्हणजे आमची शैलबाला काकीमा. तिची आणि आमची भिंत एकच. लहानपणी मी भात कुठल्या घरी जेवलो याचा हिशेब माझ्या आईनेही कधी ठेवला नाही. काका गेल्यापासून काकीमा दोन खोल्या, एक कणगी आणि तीन बकऱ्या सांभाळून असते. गेल्या पावसाळ्यात ती अंगणात घसरली. कळशी फुटली. ही बातमी भरूचला पोचेपर्यंत कळशीच्या जागी कंबर आली होती. घोंतूदाने फोनवर सांगितलं, "मा, तू तिथे एकटी असतेस, मला झोप लागत नाही. संक्रांतीला येतो, चल माझ्याबरोबर." काकीमा "बरं" म्हणाली. तिला फोनवर नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं आणि तोवर पोराचे पैसे उडतात, अशी तिची समजूत.

मी तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवतो. गावात शिकलेला म्हणून लोक मला भांडणात ओढतात आणि पेट्या भरायलाही बोलावतात. काकीमाची पत्र्याची पेटी मीच भरून दिली होती. शाल, गोधडी, साड्या, काशाचं ताट, फणी, गमछ्यात गुंडाळलेला काकांचा फोटो. भरताना तिने ताट दोनदा बाहेर काढलं, पुसलं आणि परत ठेवलं. शिकलेल्या माणसाला अशा वेळी घसा खाकरण्यापलीकडे काही सुचत नाही.

परतीची रेल्वे दुसऱ्या दिवशी दुपारची होती. तेवढ्या वेळात घोंतूदाला सगळं लहानपण उरकायचं होतं.

गॅसवरचा चहा त्याला नको होता, चुलीवरचा हवा होता. काकीमाने चूल पेटवली आणि मायलेक डोळे पुसत बसले. मग त्याला तळ्यात आंघोळ करायची होती. पौषातल्या त्या पाण्यात तो आडव्या मोबाईलसमोर हसत उतरला आणि मोबाईल धरणाऱ्या मला फक्त एक किंकाळी मिळाली. सनकापिशी काठावर भांडी घासत होती. सनकापिशी ही साऱ्या पाड्याची आत्या. तिची जीभ तिच्या राखेपेक्षा चांगली घासते. ती मला म्हणाली, "तिनू, अरे साहेबांना काढ बाहेर, निळे पडलेत. मेले तर तिकीट वाया जाईल."

संध्याकाळी काकीमा बाऊनी बांधायला बसली.

आमच्या लहानपणी हा दिवस वासावरून ओळखू यायचा. धुक्यात कुठेतरी खजुराचा रस आटत असायचा, पायाने दाबायच्या ढेंकीखाली नवे तांदूळ कांडले जायचे आणि त्या पिठाचा गोडसर धूर सगळ्या आयांच्या केसांवर बसायचा, त्यामुळे त्या दिवशी सगळ्याच म्हाताऱ्या दिसायच्या. आज त्या खरोखरच म्हाताऱ्या आहेत आणि पीठ गिरणीतून येतं. बाऊनी म्हणजे नव्या पेंढ्याच्या वेण्या वळायच्या, त्यात मोहरीचं फूल, मुळ्याचं फूल, आंब्याचं पान, भाताची एक लोंबी गुंफायची आणि घरात जे जे म्हणून आपलं आहे त्याला बांधायची. ज्याला बांधली ते तीन दिवस घर सोडत नाही, उघडत नाही, कुणाला दिलं जात नाही. मग लक्ष्मीही सोडत नाही. आम्ही पोरांनी एकदा हेडमास्तरांच्या सायकलला बांधली होती. मास्तर विज्ञानाचे, वादविवाद स्पर्धेचे परीक्षक. पण तीन दिवस ते शाळेला चालत गेले, आणि चौथ्या दिवशी सायकलवरून येऊन त्यांनी आम्हाला क्रमाने बडवलं. दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच श्रद्धेने केल्या.

काकीमाने अलीकडे हे आटोपतं घेतलं होतं. बोटं आखडतात. कणगीत एक काडी खोचायची, हात जोडायचे, झालं. या वेळीही तिने तेच केलं.

"असं नाही मा," घोंतूदा म्हणाला. "पहिल्यासारखं कर. तू सगळ्याला बांधायचीस."

"सगळ्याला?"

"सगळ्याला. मी घेतोय ना. आमच्या तिकडे लोकांनी हे पाहिलेलंच नाही."

"बघ हं, घोंतू."

"अगं, बांध म्हणतो ना."

काकीमाने कणगीला बांधली. कोपऱ्यात पडलेल्या ढेंकीला बांधली, तांदळाच्या हंडीला बांधली, गोठ्याच्या खांबाला बांधली. मग ती पत्र्याच्या पेटीपाशी आली, कुलपाभोवती वेणी गुंडाळली आणि गाठ मारली. पेटीशेजारी घोंतूदाची चाकांची बॅग उभी होती.

"हिला?" तिने विचारलं.

"हिला तर बांधच. मस्त दिसेल."

बॅगेला बांधली. लॅपटॉपच्या पिशवीला बांधली. व्हिडिओत शेवटी एक आवाज ऐकू येतो, "काकीमा, गाठ घट्ट मार." तो माझा.

सकाळी गाडी दारात आली तेव्हा काकीमा चुलीपुढे तांदळाच्या पिठाची गोड पुलीपिठे वळत होती. घोंतूदा घड्याळ बघत म्हणाला, "मा, आवर. उशीर होतोय."

"कशी येऊ? बांधलंय."

"काय बांधलंय?"

"पेटी. तुझी बॅग. तूच बांधायला लावलंस की."

घोंतूदा हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आणखी कुणी हसलेलं नाही. गोष्ठ दारात आला होता, सनकापिशी कुंपणाला टेकली होती आणि ड्रायव्हरने गाडी बंद केली होती. ड्रायव्हरही आमच्या बांकुडा जिल्ह्यातलाच होता.

"मा, तो व्हिडिओसाठी होता."

"लक्ष्मीला काय ठाऊक कशासाठी होता?"

"मी सोडतो. पाप मला लागू दे."

"तुला लागू देऊ?" काकीमाने हातातली पुली खाली ठेवली. "तुला लागावं म्हणून वाढवला का?"

घोंतूदा माझ्याकडे वळला. "तिनू, तू शिकलेला आहेस. सांग हिला."

"मी इतिहास शिकवतो," मी म्हणालो. "दुसऱ्याने बांधलेलं जे जे सोडायला गेले त्यांचं त्यात फारसं बरं झालेलं दिसत नाही."

ड्रायव्हरने विचारलं, "मग मी चौथ्या दिवशी येऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता गाडी वळवली. त्यालाही घरी पिठे असतील.

काकीमाने हे मुद्दाम केलं का, यावर गावात दोन मतं आहेत. सनकापिशीचं मत असं, की शैलबालाला एवढी अक्कल असती तर तिने पोराला शिकायला बाहेर पाठवलंच नसतं. दुसरं मत कुणी मोठ्याने सांगत नाही.

घोंतूदाचे कपडे बॅगेत होते. चार्जर पिशवीत होता. दुपारपर्यंत मोबाईल मान टाकून पडला आणि गोष्ठकडचा चार्जर त्यात शिरेना. काकीमाची शाल पेटीत, गोधडी पेटीत, ताटसुद्धा पेटीत. आणि थंडी अशी, की पहाटे कुत्री चुलीच्या राखेत झोपत होती.

ही बातमी पसरायला मोबाईल लागला नाही.

आधी गोष्ठची बायको पारुल आली. तिने घोंतूदाला एक लुंगी आणि काकीमाला एक गोधडी दिली आणि दोघांना द्यायला तासभर लागला, कारण ती बसली. मग मी माझा स्वेटर आणि कानटोपी दिली. मग पलीकडच्या आळीतून शाल आली, मोडलांकडून दोन ताटं आली, जाहेराचाचीने एक जाड गोधडी पाठवली आणि ती नीट पांघरतात की नाही ते बघायला मागोमाग स्वतः आली. सनकापिशीने फणी दिली आणि घोंतूदाला बजावलं, "ही तुझ्या आईसाठी आहे. तुला तसा तिचा उपयोग नाही."

जो तो काहीतरी घेऊन येई आणि बसे. जो बसे त्याच्यापुढे काकीमा मुरमुरे आणि पिठे ठेवी. भिंतीला टेकून लुंगीतला साहेब कानटोपी घालून बसलेला. त्याला आईशी बोलायचं होतं. त्याने तयारी करून आणलेले मुद्दे होते: तिथे लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे, तुझी खोली वेगळी आहे. पण पहिला मुद्दा तोंडात आला की दारात कुणीतरी खोकायचं.

"मा, तू इथे एकटी..." त्याने दुसऱ्या दिवशी सुरुवात केली.

"थांब हं," काकीमा म्हणाली. "कोण, पारुल? ये गं. नाही, नाही, काही चाललं नव्हतं."

तिसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडे तक्रार केली. आम्ही कणगीला पाठ लावून उन्हात बसलो होतो.

"तीन दिवसांत मला आईबरोबर पाच मिनिटं मिळालेली नाहीत," तो म्हणाला.

"एकटी असते बिचारी," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खजुराच्या गुळात बुडवलेलं पिठे तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिला. ते मऊ होतं, चावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तिथे कसं होईल रे तिचं?" तो मग म्हणाला. मला विचारत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी काकीमा आंघोळ करून आली आणि एकेक गाठ तिने स्वतः सोडली. कणगीची, ढेंकीची, हंडीची, घोंतूदाच्या बॅगेची. पेटीचीही सोडली. पेंढा तळ्यात सोडून आली. आता तिला अडवायला जगात काही उरलं नव्हतं आणि घोंतूदा ते बघत होता. त्याने आपले कपडे घातले; त्यात तो पुन्हा प्रद्युत लायेक दिसू लागला.

"चल मा," तो म्हणाला, पण हळू.

"येते. आधी लोकांच्या वस्तू नकोत का द्यायला? उसनं अंगावर घेऊन परमुलखात जायचं?"

सगळ्या गोधड्यांचं गाठोडं झालं, ते त्याने डोक्यावर घेतलं. वर ताटं. काकीमा पुढे, भरूचचे साहेब मागे. जाहेराचाचीकडे त्यांना बसवलं. मोडलांकडे बसवलं, तिथे नातीचं बारसं कुठल्या महिन्यात करावं यावर काकीमाचं मत घ्यायचं राहिलं होतं. प्रत्येक दारात चहा, प्रत्येक दारात पिठे. गाठोडं कमी होत होतं, पण काकीमा ज्या घरात गोधडी देई त्या घरातून काहीतरी घेऊन निघे: लाल माठाची जुडी, बकरीसाठी फणसाचा पाला, कुणाची ऐकून घ्यायची अडचण. दुपार झाली तेव्हा ती सनकापिशीच्या अंगणात होती आणि अजून पारुलचं घर, पलीकडची आळी बाकी होती. भाड्याची गाडी काही आली नव्हती, म्हणून मी बॅग घेऊन बसथांब्याकडे निघालो होतो, हाक मारायला वळलो.

घोंतूदाने घड्याळ बघितलं. गाठोडं पिशीच्या ओट्यावर ठेवलं.

"मा, मी निघतो. तू उरलेल्या देऊन घे."

काकीमा मान वर न करता म्हणाली, "वेळ लागेल रे. लोक बसवून घेतात."

"बघितलं."

"मग पेटी?"

"राहू दे. ताट लागेल तुला जेवायला."

त्याने वाकून तिच्या पायाला हात लावला, मग सनकापिशीच्याही. पिशीला बोलायला काही सुचलं नाही, ही केंदडांग्यात नोंद घेण्यासारखी गोष्ट होती. काकीमाने त्याच्या डोक्यावर, नेमका टकलावर, तळहात ठेवला आणि तो जरा जास्त वेळ तिथे राहिला.

थांब्यावर आम्ही बसची वाट बघत उभे होतो. धुकं फाटून मोहरीची शेतं पिवळी दिसत होती. मोबाईल चार्ज झाला होता, पण त्याने तो काढला नाही.

"आमच्या इमारतीत," तो म्हणाला, "साखर मागायला गेलं तर लोक आधी दाराच्या भोकातून बघतात. मग मीच मागायला जायचं सोडलं. किराणा ॲपवरून येतो." थोड्या वेळाने म्हणाला, "मला वाटलं होतं, ती आली की घरात कुणीतरी असेल."

मी घसा खाकरला. बस आली.

परतलो तेव्हा काकीमा सनकापिशीच्या ओट्यावर तशीच बसली होती, मांडीवर पारुलची गोधडी.

"जागा मिळाली त्याला?"

"मिळाली."

"खिडकीशी?"

"खिडकीशी."

"बरं झालं. मध्ये बसवलं की मळमळतं त्याला, लहानपणापासून." तिने गोधडीचा कोपरा उचलून डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग कोपरा उजेडात धरून नीट बघितला.

"ही आता धुऊन द्यायला हवी," ती म्हणाली, आणि ती गोधडी बाजूला काढून ठेवून पलीकडच्या आळीची शाल घेऊन उठली.